दीर्घिकांच्या टकरी आणि कृष्णविवरांचे प्रज्वलन : एका खगोलशास्त्रीय कल्पनेचा इतिहास

प्रस्तावना

विश्वातील बहुतेक सर्व मोठ्या दीर्घिकांच्या केंद्रस्थानी लक्षावधी ते अब्जावधी सूर्यांच्या वस्तुमानाइतकी महाकाय कृष्णविवरे आहेत, ही गोष्ट आता सर्वमान्य झाली आहे. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवराचे वस्तुमान सुमारे ४० लाख सूर्यांइतके असून ते जवळजवळ सुप्तावस्थेत आहे. याउलट काही दीर्घिकांची केंद्रके इतकी तेजस्वी असतात की त्यांच्यापुढे अब्जावधी ताऱ्यांचा एकत्रित प्रकाशही फिका पडतो. कृष्णविवर स्वतः प्रकाश देत नाही. त्यात पडू पाहणारा वायू त्याच्याभोवती तबकडीच्या रूपाने फिरताना तापतो आणि हे तेज निर्माण करतो. साहजिकच प्रश्न उभा राहतो तो असा की, बहुसंख्य कृष्णविवरे उपाशी असताना काही मोजक्यांनाच हे अन्न कोठून आणि कसे मिळते?

या प्रश्नाचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर 'दीर्घिकांची टक्कर' हे होय. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळतात, त्यांतील वायू केंद्राकडे लोटला जातो आणि निद्रिस्त कृष्णविवर प्रज्वलित होते, असे पाठ्यपुस्तकांतून सांगितले जाते. तेथे हे उत्तर एका सरळ रेषेत सापडल्यासारखे मांडलेले असते. प्रत्यक्ष इतिहास तसा नाही. कृष्णविवर ही संकल्पना खगोलशास्त्रात रूढ होण्यापूर्वीच टकरीची कल्पना मांडली गेली, काही वर्षांतच ती त्याज्य ठरली, पुढे निराळ्या रूपात परत आली आणि एकविसाव्या शतकात पुन्हा संशयाच्या भोवऱ्यात सापडली. प्रस्तुत लेखात या वाटचालीचा आढावा घेतला आहे. यातील प्रत्येक वळण नव्या युक्तिवादापेक्षा प्रकाशाची नवी खिडकी उघडल्यामुळे आलेले आहे, असे साधने तपासता दिसून येते.

विजेच्या दिव्यांची टक्कर

दीर्घिकांच्या टकरीचा पहिला प्रयोग प्रयोगशाळेत, तोही संगणकाशिवाय झाला. स्वीडनमधील लुंड येथील एरिक होल्मबर्ग यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात प्रत्येकी ३७ विजेच्या दिव्यांच्या दोन 'दीर्घिका' मांडल्या होत्या. गुरुत्वाकर्षण आणि प्रकाशाची तीव्रता या दोन्ही गोष्टी अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतात. त्यामुळे एखाद्या दिव्याच्या जागी प्रकाशमापक घट ठेवून सर्व बाजूंनी येणारा प्रकाश मोजला की त्या जागी इतर 'ताऱ्यां'चे एकूण आकर्षण किती व कोणत्या दिशेला आहे हे कळते. त्यानुसार दिवे थोडे थोडे सरकवीत होल्मबर्ग यांनी टक्कर पायरीपायरीने घडवून आणली. जवळून जाणाऱ्या दीर्घिकांचा आकार भरतीच्या बलाने विकृत होतो आणि त्यांची गतिज ऊर्जा खर्ची पडून त्या एकमेकींच्या बंधनात अडकू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. साधनांची गरिबी आणि बुद्धीची श्रीमंती यांचे इतके सुंदर उदाहरण विसाव्या शतकाच्या खगोलशास्त्रात क्वचितच सापडेल.

त्याच सुमारास आणखी दोन गोष्टी घडल्या. पण त्यांचा टकरीशी असलेला संबंध त्या वेळी कोणाच्याही लक्षात आला नाही. १९४३ मध्ये कार्ल सायफर्ट यांनी केंद्रक अतिशय तेजस्वी असलेल्या आणि ज्यांच्या वर्णपटातील रेषा विलक्षण रुंद आहेत अशा सहा दीर्घिकांचे वर्णन प्रसिद्ध केले. याच वर्षी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी 'गतिकीय घर्षणा'चा सिद्धांत मांडला. ताऱ्यांच्या गर्दीतून जाणारा जड पिंड आपल्यामागे ताऱ्यांची दाटी निर्माण करतो आणि तीच दाटी त्याला मागे खेचून त्याचा वेग कमी करते, असे त्याचे स्थूल स्वरूप आहे. चंद्रशेखर यांच्यासमोर तारकागुच्छांचा प्रश्न होता, दीर्घिकांचा नव्हे. तथापि एकमेकींत शिरलेल्या दीर्घिका शेवटी एक का होतात आणि त्यांची कृष्णविवरे नव्या केंद्राकडे का सरकतात, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर पुढे याच सिद्धांताने पुरवले.

सिग्नस ए आणि एक पैज

हंस तारकासमूहातील 'सिग्नस ए' हा आकाशातील सर्वांत प्रखर रेडिओ स्रोतांपैकी एक होय. १९५१ मध्ये केंब्रिज येथील ग्रॅहॅम स्मिथ यांनी त्याचे स्थान पुरेशा अचूकपणे निश्चित केले आणि वॉल्टर बाडे यांनी पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीतून त्या जागेचे छायाचित्र घेतले. तेथे दूरच्या दीर्घिकांच्या समूहात एक चमत्कारिक दीर्घिका दिसली. तिच्या मध्यभागी एकाऐवजी दोन तेजोगोल होते.

बाडे यांचे मन या दृश्यासाठी आधीच तयार झाले होते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. त्याच वर्षी त्यांनी लायमन स्पिट्झर यांच्यासह दीर्घिकांच्या दाट समूहांतील टकरींवर निबंध लिहिला होता. ताऱ्यांमधील अंतरे त्यांच्या आकाराच्या मानाने इतकी प्रचंड असतात की दोन दीर्घिका एकमेकींतून आरपार गेल्या तरी तारे एकमेकांवर आदळत नाहीत. आदळतात ते वायूचे ढग, असे त्यात म्हटले होते. सिग्नस ए पाहताच बाडे यांना आपल्या गणिताचे प्रत्यक्ष चित्र समोर आल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही. त्यांचे सहकारी रुडॉल्फ मिंकोव्स्की यांना मात्र हे पटेना. दोघांत पैज लागली. बाडे यांनी प्रथम १,००० डॉलर सुचवले, पण अखेर व्हिस्कीच्या एका बाटलीवर तडजोड झाली. वर्णपटात अत्यंत तप्त वायूच्या तेजोरेषा दिसल्या तर टक्कर सिद्ध झाली असे मानावयाचे ठरले. मिंकोव्स्की यांनी घेतलेल्या वर्णपटात तशा रेषा स्पष्ट दिसल्या आणि त्यांनी हार मानली. बाटली मिळाली खरी, पण मिंकोव्स्कींनीच येऊन ती रिकामी केली, अशी तक्रारवजा आठवण बाडे पुढे सांगत असत.

दोघांचा निबंध १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. सिग्नस ए ही टकरीत सापडलेली दीर्घिकांची जोडी आहे आणि वायूंच्या आघातातून रेडिओ लहरी निर्माण होतात, ही त्यातील मांडणी तत्कालीन खगोलशास्त्रज्ञांना मोहवून गेली. ययाती तारकासमूहातील एनजीसी १२७५ या दीर्घिकेलाही हेच स्पष्टीकरण लावण्यात आले. रेडिओ दीर्घिका म्हणजे टकरणाऱ्या दीर्घिका, असे समीकरण काही वर्षे रूढ झाले.

हिशेब जुळेना

या समीकरणाला धक्का देणारा पुरावा मुळात बाडे-मिंकोव्स्कींचा निबंध छापून येण्याच्या थोडे आधीच प्रसिद्ध झाला होता. इंग्लंडमधील जॉड्रेल बँक येथे काम करणारे रॉजर जेनिसन आणि मूळचे बंगालमधील मृणाल कुमार दासगुप्ता यांनी १९५३च्या अखेरीस सिग्नस ए या स्रोताची रचना मोजली. रेडिओ लहरी ज्या दीर्घिकेतून येतात असे मानले जात होते, तिच्यातून त्या येतच नव्हत्या. तिच्या दोन्ही बाजूंना, दीर्घिकेच्या बऱ्याच बाहेर, दोन विस्तीर्ण रेडिओ ढग होते. टक्कर मध्यभागी आणि किरणोत्सर्जन दूर बाहेर, हे चित्र टकरीच्या कल्पनेशी विसंगत होते. दासगुप्ता यांच्या या कामाचा उल्लेख भारतीय पाठ्यपुस्तकांत अभावानेच आढळतो, ही खेदाची बाब म्हटली पाहिजे.

दुसरा आघात ऊर्जेच्या हिशेबाचा होता. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात जॉफ्री बर्बिज यांनी अशा रेडिओ ढगांत साठलेल्या ऊर्जेचे गणित केले. सर्वांत बलवान स्रोतांसाठी ही ऊर्जा एकावर ६० शून्ये इतक्या अर्गच्या घरात जात होती. दोन दीर्घिकांच्या वायूंची टक्कर कितीही अनुकूल मानली तरी तिच्यातून एवढी ऊर्जा रेडिओ ढगांपर्यंत पोहोचवणे अशक्यप्राय होते. याच काळात आर्मेनियातील व्हिक्टर अंबार्त्सुमियान यांनी नेमका उलटा विचार मांडला. दोन दीर्घिका एकत्र येत नसून एकाच दीर्घिकेच्या केंद्रकातून द्रव्य बाहेर फेकले जात आहे, अशी त्यांची भूमिका होती. ऊर्जेचे मूळ केंद्रकात आहे, हा त्यांच्या विचारातील मर्माचा भाग पुढे खरा ठरला. विभाजनाचा भाग मात्र टिकला नाही.

१९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या पिंडाची ताम्रसृती ०.१५८ असल्याचे ओळखले. म्हणजे हा 'तारा' दोन अब्ज प्रकाशवर्षांहून अधिक दूर होता आणि तरीही लहान दुर्बिणीतून दिसत होता. क्वासार या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या या पिंडांनी ऊर्जेचा प्रश्न आणखी तीव्र केला. १९६४ मध्ये अमेरिकेत एडविन सालपीटर आणि रशियात याकोव्ह झेल्दोविच यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे एकच उपाय सुचवला, तो म्हणजे महाकाय वस्तुमानाच्या संक्षिप्त पिंडावर पडणारा वायू. अणुसंमीलनात द्रव्याच्या एक टक्क्याहूनही कमी भागाचे ऊर्जेत रूपांतर होते. कृष्णविवरावर पडणाऱ्या वायूपासून मात्र सुमारे ६ टक्के आणि कृष्णविवर अतिवेगाने स्वतःभोवती फिरत असल्यास ४० टक्क्यांपर्यंत ऊर्जा मिळू शकते. १९६९ मध्ये डोनाल्ड लिंडन-बेल यांनी विझलेले क्वासार जवळच्या दीर्घिकांच्या केंद्रांत कृष्णविवरांच्या रूपाने पडून असले पाहिजेत, असे प्रतिपादन केले. भट्टी सापडली होती. तिच्यात सरपण कोण घालते हा प्रश्न मात्र तसाच राहिला, आणि टकरीचे नाव या काळात जवळपास विस्मरणात गेले.

शेपट्या, पूल आणि सरपण

टक्कर परत आली ती क्वासारांच्या मार्गाने नव्हे, विचित्र आकाराच्या दीर्घिकांच्या मार्गाने. रशियातील बोरिस व्होरोन्त्सोव्ह-वेल्यामिनोव्ह यांनी १९५९ मध्ये आणि अमेरिकेतील हॉल्टन आर्प यांनी १९६६ मध्ये अशा दीर्घिकांचे चित्रसंग्रह प्रसिद्ध केले. आर्प यांच्या संग्रहात ३३८ नोंदी आहेत. लांबच लांब शेपट्या, दोन दीर्घिकांना जोडणारे तेजाचे पूल, फाटल्यासारख्या कडा असे त्यांचे स्वरूप आहे. आर्प स्वतः यांपैकी पुष्कळ रूपे केंद्रकातून झालेल्या उत्सर्जनाची मानत. एखाद्या मताच्या पुष्टीसाठी जमवलेली सामग्री विरुद्ध मताचा आधारग्रंथ ठरावी, हा विज्ञानाच्या इतिहासातील एक रंजक योगायोग होय.

१९७२ मध्ये अलार आणि यूरी टूमरे या बंधूंनी संगणकावर दोन दीर्घिकांची जवळून होणारी भेट घडवून आणली. प्रत्येक दीर्घिका म्हणजे एक जड केंद्र आणि त्याभोवती फिरणाऱ्या हलक्या कणांची तबकडी, एवढेच साधे प्रतिरूप त्यांनी घेतले होते. तेवढ्यातूनही हस्त तारकासमूहातील 'अँटेना' आणि अरुंधती केश तारकासमूहातील 'उंदीर' या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या जोड्यांच्या शेपट्या हुबेहूब उमटल्या. शेपट्यांसाठी चुंबकीय बल वा स्फोट मानण्याची गरज उरली नाही. निबंधाच्या शेवटी त्यांनी भट्टीत सरपण सारण्याची उपमा वापरून, अशा भेटींमुळे वायू दीर्घिकेच्या मध्याकडे लोटला जाऊ शकतो, असे सुचवले. सूचना अगदी थोडक्यात होती. पुढील पन्नास वर्षांच्या वादाचे बीज मात्र तिच्यात आहे.

या सूचनेचे महत्त्व कळण्यासाठी अडचण नेमकी काय आहे हे पाहणे आवश्यक आहे. एका तेजस्वी क्वासाराला वर्षाला साधारण एक-दोन सूर्यांइतके द्रव्य पुरते. मोठ्या दीर्घिकेत अब्जावधी सूर्यांइतका वायू असतो. तेव्हा अन्न कमी नाही. ते तोंडापर्यंत पोहोचत नाही. १० कोटी सूर्यांच्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची त्रिज्या सुमारे ३० कोटी किलोमीटर, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या दुप्पट भरते. वायू त्याच्यापासून हजारो प्रकाशवर्षे दूर फिरत असतो. गोफणीतला दगड दोरी तुटल्याशिवाय सुटत नाही, तसा फिरणारा वायू आपले कोनीय संवेग गमावल्याशिवाय आत येऊ शकत नाही. शांत दीर्घिकेत तो गमावण्याचे मार्ग मंद असतात. टकरीत मात्र तबकडीचा आकार मोडतो, ताऱ्यांचा लांबट दांडा तयार होतो आणि तो वायूला मागे ओढून त्याचे संवेग हिरावून घेतो. लार्स हर्नक्विस्ट आणि जोशुआ बार्न्स यांनी १९८९ ते १९९६ या काळात केलेल्या संगणकीय प्रतिरूपांत वायूचा मोठा भाग अशा रीतीने केंद्राजवळच्या लहानशा प्रदेशात साचताना दिसला. बाडे यांच्या चित्रात टक्कर हीच ऊर्जेचा स्रोत होती. नव्या चित्रात ती केवळ वाढपी ठरली.

धुळीआडची साक्ष

कल्पना कितीही सुसंगत असली तरी साक्ष हवी होती. ती दृश्य प्रकाशात मिळत नव्हती, कारण मिसळणाऱ्या दीर्घिकांचे केंद्र दाट धुळीत बुडालेले असते. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांनी मिळून 'आयरास' हा अवरक्त उपग्रह सोडला. थंड हेलियमचा साठा संपेपर्यंत, म्हणजे सुमारे दहा महिनेच, तो कार्यरत होता; पण तेवढ्यात त्याने आकाशाचा ९६ टक्के भाग न्याहाळला. दृश्य प्रकाशात अगदी सामान्य दिसणाऱ्या काही दीर्घिका अवरक्तात सूर्याच्या दहा खर्व पट तेजस्वी असल्याचे आढळले. १९८८ मध्ये डेव्हिड सँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा दहा दीर्घिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहाही दीर्घिकांत टकरीच्या खुणा होत्या. यातून त्यांनी एक क्रम मांडला. प्रथम टक्कर, मग धुळीआड ताऱ्यांची आणि कृष्णविवराची एकाच वेळी वाढ, नंतर धूळ उडवून लावून उघडा पडणारा क्वासार. आर्प यांच्या संग्रहातील २२० क्रमांकाची दीर्घिका या क्रमाचा नमुना म्हणून प्रसिद्धीस आली.

सँडर्स यांच्या क्रमाला २००५ मध्ये टिझियाना दी मातेओ, फोल्कर श्प्रिंगेल आणि हर्नक्विस्ट यांच्या प्रतिरूपांनी बळ दिले. कृष्णविवराच्या तेजाचा सुमारे ५ टक्के भाग भोवतालच्या वायूला तापवतो असे गृहीत धरल्यास तोच वायू बाहेर उधळला जातो आणि कृष्णविवराची वाढ आपोआप थांबते, असे त्यात दिसले. कृष्णविवराचे वस्तुमान आणि दीर्घिकेच्या मध्यभागातील ताऱ्यांच्या गती यांत २००० मध्ये सापडलेल्या घट्ट संबंधाचे स्पष्टीकरणही त्यातून मिळत होते. येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक वाटते. हा ५ टक्क्यांचा आकडा निरीक्षणातून आलेला नव्हता. निरीक्षणाशी जुळावे म्हणून निवडलेला होता. प्रतिरूपांच्या देखण्या चित्रफितींनी या कल्पनेला जी लोकप्रियता मिळवून दिली, तिच्या मानाने त्यांतील गृहीतकांची चर्चा फारच कमी झाली.

प्रत्यक्ष पुराव्याच्या दृष्टीने चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीचे निरीक्षण अधिक मोलाचे होय. भुजंगधारी तारकासमूहातील एनजीसी ६२४० ही सुमारे ४० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेली, दोन दीर्घिकांच्या मीलनातून घडत असलेली दीर्घिका. स्टेफानी कोमोसा आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये जाहीर केलेल्या निष्कर्षांनुसार तिच्यात एक नव्हे, दोन सक्रिय कृष्णविवरे आहेत आणि त्यांच्यातील अंतर सुमारे ३,००० प्रकाशवर्षे आहे. धुळीतून आरपार येणाऱ्या उच्च ऊर्जेच्या क्ष-किरणांनीच ही गोष्ट उघड केली. पुढे अशा जोड्यांची संख्या वाढत गेली. २०२१ मध्ये भारतीय खगोलभौतिकी संस्थेतील संशोधकांनी अॅस्ट्रोसॅट उपग्रहावरील अतिनील दुर्बिणीच्या साहाय्याने एनजीसी ७७३३ आणि एनजीसी ७७३४ यांच्या जोडीजवळ तिसरी लहान दीर्घिका असून तिन्हींची केंद्रके सक्रिय असल्याचे दाखवले. २०२३ मध्ये यूजीसी ४२११ या दीर्घिकेत केवळ ७५० प्रकाशवर्षे अंतरावर असलेल्या दोन सक्रिय कृष्णविवरांची नोंद झाली.

मोजणीचा वाद

एखाददुसऱ्या ठळक उदाहरणाने नियम सिद्ध होत नाही. टक्कर झाल्यावर कृष्णविवर पेटते हे एक विधान. पेटलेली बहुतेक कृष्णविवरे टकरीमुळे पेटली आहेत हे अगदी वेगळे विधान. या दोन विधानांतील फरक बराच काळ दुर्लक्षित राहिला, असे म्हणावे लागते.

तो फरक २०११ मध्ये मॉरिसिओ सिस्टर्नास आणि सहकाऱ्यांनी ऐरणीवर आणला. हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांतून त्यांनी क्ष-किरणांवरून ओळखलेल्या १४० सक्रिय दीर्घिका आणि तुलनेसाठी १,२६४ निष्क्रिय दीर्घिका घेतल्या. सक्रिय केंद्रकाचा तेजोबिंदू चित्रातून वजा केला आणि निष्क्रिय दीर्घिकांच्या चित्रांत कृत्रिम बिंदू घालून तोही तसाच वजा केला, जेणेकरून पाहणाऱ्याला कोणती कोणती हे ओळखता येऊ नये. मग दहा जणांनी स्वतंत्रपणे प्रत्येक दीर्घिकेचा आकार किती बिघडलेला आहे हे ठरवले. दोन्ही गटांत फरक आढळला नाही. २०१२ मध्ये डेल कोचेव्हस्की आणि सहकाऱ्यांनी अधिक दूरच्या ७२ सक्रिय दीर्घिका तपासल्या असता त्यांपैकी सुमारे निम्म्यांत व्यवस्थित तबकडी शाबूत असल्याचे दिसले. मोठी टक्कर झाली असती तर तबकडी टिकली नसती. अनेकांनी टकरीच्या सिद्धांताचा हा शेवट मानला.

परंतु याच सुमारास उलट दिशेने केलेल्या मोजणीचे निष्कर्ष निराळे येत होते. सारा एलिसन आणि सहकाऱ्यांनी सक्रिय दीर्घिकांपासून नव्हे, तर जवळ आलेल्या जोड्यांपासून सुरुवात केली. दृश्य वर्णपटावरून मोजता, निकटच्या जोड्यांत सक्रिय केंद्रकांचे प्रमाण एकट्या दीर्घिकांच्या सुमारे अडीच पटींपर्यंत वाढलेले आढळले. २०१४ मध्ये शोबिता सत्यपाल यांनी एलिसन प्रभृतींसह तीच मोजणी वाइज या उपग्रहाच्या अवरक्त सामग्रीवरून केली, तेव्हा अगदी निकटच्या जोड्यांत ही वाढ चार ते सहा पट निघाली. दीर्घिका त्याच प्रकारच्या, प्रश्न तोच. खिडकी बदलताच उत्तर बदलले.

या विसंगतीची दोन कारणे आता समजू शकतात. पहिले कारण धुळीचे. टकरीच्या अखेरच्या टप्प्यात कृष्णविवर सर्वाधिक खाते आणि तेव्हाच ते सर्वाधिक झाकलेले असते. सौम्य क्ष-किरण व दृश्य प्रकाश यांच्या आधारे केलेल्या यादीत नेमके तेच गळते. दुसरे कारण काळाचे. दोन दीर्घिका पूर्ण मिसळण्यास अब्जावधी वर्षांच्या घरात काळ लागतो, तर कृष्णविवराची भूक त्या मानाने क्षणोक्षणी बदलते. एखाद्या क्षणी चूल विझलेली दिसली म्हणून त्या घरी स्वयंपाक झालाच नाही असे म्हणता येत नाही; आणि जेवण उरकल्यावर गेलेल्या पाहुण्याला पंगतीचे पान मांडलेले दिसत नाही. मायकेल कॉस आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये या दोन्ही अडचणींवर मात करण्याचा प्रयत्न केला. अतिउच्च ऊर्जेच्या क्ष-किरणांवरून निवडलेल्या दीर्घिका त्यांनी हवाई येथील केक दुर्बिणीच्या अवरक्त प्रतिमांतून तपासल्या. झाकलेल्या तेजस्वी कृष्णविवरांपैकी १७ टक्क्यांहून अधिक प्रकरणांत दोन केंद्रके १०,००० प्रकाशवर्षांच्या आत आलेली होती. निष्क्रिय दीर्घिकांत हे प्रमाण जेमतेम एक टक्का होते. अर्थात १७ टक्के म्हणजे सर्व नव्हेत. कमी तेजाच्या बहुसंख्य सक्रिय केंद्रकांना दीर्घिकेतील दांडा, लहान दीर्घिकांचे गिळंकृत होणे अथवा वायूची अंतर्गत अस्थिरता यांवरच गुजराण करावी लागत असावी, असे मानण्याकडे आता कल आहे. टकरीचा वाटा तेजस्वी आणि झाकलेल्या कृष्णविवरांत अधिक दिसतो.

पुण्याशी जोडलेले धागे

या इतिहासाचे दोन-तीन धागे पुण्याशी जोडलेले आहेत. आर्प, बर्बिज आणि फ्रेड हॉयल यांच्या प्रवाहाबाहेरच्या विचारांना जयंत नारळीकर यांनी दीर्घकाळ साथ दिली. दीर्घिकांच्या केंद्रकांतून नवे द्रव्य बाहेर पडते, ही भूमिका हॉयल, बर्बिज आणि नारळीकर यांनी १९९३ पासून मांडलेल्या विश्वोत्पत्तिविषयक पर्यायी सिद्धांतातही आहे. निरीक्षणांनी या भूमिकेला साथ दिली नाही. तरीसुद्धा बहुमत म्हणजे पुरावा नव्हे, हा या मंडळींचा आग्रह २०११ नंतरच्या मोजणीच्या वादाकडे पाहता अनाठायी वाटत नाही.

दुसरा धागा नारायणगावजवळील खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची ही दुर्बीण गोविंद स्वरूप यांच्या दृष्टीतून उभी राहिली. काही रेडिओ दीर्घिकांना ढगांच्या एका जोडीऐवजी दोन जोड्या असून त्यांचा आकार फुलीसारखा दिसतो. दोन कृष्णविवरे एक होताना मोठ्याच्या अक्षाची दिशा एकदम बदलते आणि जुने ढग मागे राहतात, असे त्याचे स्पष्टीकरण २००२ मध्ये डेव्हिड मेरिट आणि रॉन एकर्स यांनी दिले होते. ते सर्वत्र खरे असेल तर फुलीच्या जुन्या बाजूंचा रेडिओ वर्णपट अधिक उताराचा असावयास हवा. धरमवीर लाल आणि प्रमेश राव यांनी जीएमआरटीवर २००५ आणि २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत काही दीर्घिकांत नेमके उलटे आढळले. एका आकर्षक स्पष्टीकरणाला सरसकट लागू करण्यापासून रोखणारी ही निरीक्षणे जितकी चर्चिली जावयास हवी होती तितकी चर्चिली गेली नाहीत.

तिसरा धागा अगदी अलीकडचा. १९८० मध्ये मिचेल बेगेलमन, रॉजर ब्लँडफर्ड आणि मार्टिन रीस यांनी दीर्घिका मिसळल्यानंतर त्यांच्या कृष्णविवरांचे काय होते याचा आराखडा मांडला. प्रथम चंद्रशेखर यांचे घर्षण त्यांना केंद्रात आणते, मग जवळून जाणारे तारे गोफणीसारखे भिरकावून ती अधिक जवळ येतात, आणि अखेर गुरुत्वीय लहरींनी ऊर्जा गमावून एक होतात. दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी भिरकावण्यासाठी तारेच उरले नाहीत तर जोडी तीन-चार प्रकाशवर्षांच्या अंतरावर अडकून पडेल, ही शंका अनेक वर्षे होती. जून २०२३ मध्ये पल्सारांच्या ठोक्यांतील सूक्ष्म फरकांवरून जगातील निरनिराळ्या गटांनी अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वनादाचा पुरावा जाहीर केला. युरोपीय गटाच्या विश्लेषणात उन्नत जीएमआरटीवर काम करणाऱ्या भारतीय गटाची निरीक्षणे समाविष्ट होती. महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या हे या पार्श्वनादाचे सर्वांत संभाव्य कारण मानले जाते. तसे असल्यास निदान काही जोड्या तरी अडकून पडत नाहीत. त्या सक्रिय असतात की उपाशी, हे मात्र या लहरी सांगत नाहीत.

सिग्नस ए, पुन्हा

सिग्नस ए ही सुमारे ७६ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेली दीर्घिका असून तिच्या केंद्रातील कृष्णविवर सुमारे अडीच अब्ज सूर्यांच्या वस्तुमानाचे आहे, हे २००३ पर्यंत निश्चित झाले. बाडे यांना दिसलेले दोन तेजोगोल म्हणजे दोन दीर्घिका नव्हत्या. धुळीच्या पट्ट्याने दुभागलेला एकाच दीर्घिकेचा तो मध्यभाग होता. मात्र २००३ मध्येच गॅब्रिएला कॅनालिझो आणि सहकाऱ्यांना केक दुर्बिणीच्या अवरक्त प्रतिमेत केंद्रकाच्या अगदी जवळ दुसरा एक बिंदू दिसला. गिळल्या गेलेल्या लहान दीर्घिकेचा तो उरलेला गाभा असावा, असे त्यांनी सुचवले.

त्यानंतर जवळजवळ दीड दशकाने, २०१७ मध्ये, डॅनियल पर्ली आणि सहकाऱ्यांनी न्यू मेक्सिकोतील उन्नत व्हीएलए दुर्बिणीतून घेतलेल्या रेडिओ प्रतिमा प्रसिद्ध केल्या. मध्यवर्ती कृष्णविवरापासून सुमारे १,५०० प्रकाशवर्षांवर, कॅनालिझो यांच्या बिंदूशी जुळणाऱ्या जागी, एक नवा तेजस्वी रेडिओ स्रोत त्यांत होता. १९९०च्या दशकापर्यंतच्या प्रतिमांत तो नव्हता. तो एखादा असाधारण अतिनवतारा असू शकतो. परंतु तेवढा दीर्घकाळ इतके तेज टिकवणारा अतिनवतारा ज्ञात नसल्यामुळे, नुकतेच अन्न मिळालेले दुसरे महाकाय कृष्णविवर हे स्पष्टीकरण संशोधकांना अधिक संभाव्य वाटले. त्याचे तेज येत्या वर्षांत कसे बदलते यावर या दोहोंपैकी काय खरे ते ठरेल.